घड्याळाची पडताळणी

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासले की माणसाला आडनाव उरत नाही. वजनमापे विभागातले ते सगळ्यांत जुने निरीक्षक. बाजारातले लोक त्यांना तोंडावर काटेसाहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत, हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं, कारण त्यासाठी लागणारं प्रमाणित वजन कार्यालयात उपलब्ध नव्हतं.

मंगळवारी सकाळी ते चहाच्या कपाशेजारी डावं मनगट ठेवून बसले होते. मनगटावर मुलीनं वाढदिवसाला दिलेलं घड्याळ होतं. ते वेळ सांगायला फारसं उत्सुक नसे, बाकी सगळं सांगायला टपलेलं असे.

"शहाण्णव," काटेसाहेब म्हणाले. "रात्रभराच्या ऑक्सिजनची सरासरी. खाली 'छान झोप झाली' असंही लिहिलंय."

"अठ्ठेचाळीस," बायको म्हणाली.

"ऑक्सिजन अठ्ठेचाळीस असता तर मी इथे चहा पीत बसलो नसतो."

"सेकंद. अठ्ठेचाळीस सेकंद तुमचा श्वास बंद होता. मग घोड्यासारखे फुरफुरलात, पाय झाडलेत, त्यातला एक मला लागला, आणि पुन्हा घोरायला सुरुवात. पाच वाजून वीस मिनिटांनी."

बायको पोहण्याची प्रशिक्षक होती. शहरातल्या तलावावर सकाळी सहाला तिची पोरं पाण्यात उतरत, त्यामुळे ती साडेचारलाच जागी होई आणि तासभर अंधारात पडून राही. पूर्वी त्या तासात ती कोणाला कुठल्या लेनमध्ये टाकायचं याचा विचार करत असे. गेले काही महिने गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेऊन ती नवऱ्याचा श्वास मोजत होती.

"स्टॉपवॉच दाबायला माणसाच्या बोटाला वेळ लागतो," काटेसाहेब म्हणाले. "सुरुवातीला थोडा, शेवटी थोडा. एवढी चूक धरायलाच हवी."

"धरा. मग सत्तेचाळीस. बरं वाटलं?"

काटेसाहेबांना बरं वाटलं नाही. खरं तर बरेच दिवस त्यांना बरं वाटत नव्हतं. एका जागी बसलं की पाय हलत, उभं राहिलं की बसावंसं वाटे, आणि बसून स्थिर झाले की डोळे मिटत. तीन आठवड्यांपूर्वी धान्याच्या एका दुकानात काट्याचा आकडा वाचायला ते वाकले आणि तिथेच कपाळ टेकवून झोपले. डोक्याचं वजन चार किलो सातशे ग्रॅम भरलं. काटा बरोबर होता. दुकानदारानं त्यांना उठवण्याआधी आकडा चिठ्ठीवर लिहून घेतला आणि नंतर अदबीनं हातात दिला.

ही गोष्ट कार्यालयात पोचायला एक दिवस लागला. त्यानंतर चार दिवसांनी परिपत्रक निघालं. त्याचा या प्रसंगाशी संबंध नसल्याचं वरच्या साहेबांनी दोनदा सांगितलं. खात्याची अवजड वाहनं चालवणाऱ्या प्रत्येकानं एक अर्ज भरून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. त्यात आठवा प्रश्न असा: झोपेत श्वास अडकण्याचा आजार किंवा त्याची लक्षणं आहेत का? होय की नाही. होय असेल तर झोपेची तपासणी होऊन डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत वाहनाची चावी जमा करायची.

अवजड वाहन खात्याकडे एकच होतं. भुईकाटे, म्हणजे मालानं भरलेला ट्रक अख्खाच्या अख्खा तोलतात ते जमिनीतले काटे, तपासायला त्या ट्रकमधून दहा टन लोखंडी वजनं न्यावी लागत. एकोणीस वर्षं तो ट्रक काटेसाहेब स्वतः चालवत होते. त्यासाठी ड्रायव्हर देतो म्हणून दोन साहेबांनी सांगून पाहिलं, दोघांची बदली झाली. झोपेच्या तपासणीला दोन महिने थांबावं लागतं असं कळलं होतं. तोवर अभिलेख कक्ष. तिथे खुर्च्यांवर जी माणसं होती ती निवृत्त झाली आहेत की नाही, हे त्यांच्याकडे बघून सांगता येत नसे. काटेसाहेबांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि ते ट्रकवरच संपावेत एवढीच त्यांची इच्छा होती.

आता कोणीही 'नाही'वर खूण केली असती आणि विषय संपवला असता. पण काटेसाहेबांना सरकारी कागदावर खोटं लिहिणं जमत नसे. त्यामुळे 'नाही' हे खरं ठरवणं एवढाच मार्ग उरला.

बुधवारी त्यांनी घड्याळाची रीतसर पडताळणी केली. खालच्या औषधवाल्याकडून बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर मागून आणला. जेवणाच्या टेबलावरची भांडी हलवली. डाव्या हातात घड्याळ, उजव्या हाताच्या बोटाला चिमटा, समोर वही. दर पाच मिनिटांनी दोन्हींचा आकडा टिपायचा. चिमटा सत्त्याण्णव, घड्याळ सत्त्याण्णव. चिमटा अठ्ठ्याण्णव, घड्याळ सत्त्याण्णव. दहा नोंदी झाल्या. सर्वांत मोठा फरक एकाचा. त्यांनी खाली रेघ मारली आणि लिहिलं : मर्यादेत. उत्तीर्ण.

तलावावरून आलेली बायको ओला टॉवेल खांद्यावर टाकून त्यांच्या मागे उभी राहून वही वाचत होती.

"हे तुम्ही जागे असताना."

"मग? झोपेत नोंदी कोण करणार?"

"जागेपणी श्वास घेताना मीसुद्धा बघितलंय तुम्हाला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

"उपकरण बरोबर आहे की नाही एवढंच बघायचं होतं. उपकरण बरोबर आहे. रात्री त्यानं शहाण्णव सांगितलं म्हणजे शहाण्णव."

"आणि मी?"

"तुझी पडताळणी झालेली नाही," काटेसाहेब म्हणाले. वाक्य तोंडातून गेल्यावर ते परत घ्यावं असं त्यांना वाटलं, पण तोवर बायको स्वयंपाकघरात गेली होती आणि झाकणं गरजेपेक्षा जोरात बंद होत होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आईनं तिला आधीच सगळं सांगितलं असावं, कारण तिनं 'कसे आहात' विचारलं नाही.

"बाबा, घड्याळाच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद होता. वाचलात?"

"वाचावा असं ज्यांना वाटतं ते एवढ्या बारीक अक्षरांत छापत नाहीत."

"थांबा, मी वाचते. 'ही मोजमापं सर्वसाधारण आरोग्यासाठी आहेत. आजाराचं निदान करण्यासाठी किंवा आजार नाही असं ठरवण्यासाठी वापरू नयेत.' ऐकताय ना?"

काटेसाहेब ऐकत होते. स्वयंपाकघरातल्या काट्यांखाली एक चिकटपट्टी असते : घरगुती वापरासाठी. असा काटा दुकानात दिसला की ते जागीच जप्त करत. 'अहो, बरोबर दाखवतो की' असं म्हणणाऱ्या दुकानदाराला ते शांतपणे चिकटपट्टी वाचून दाखवत. आजवर एकानंही ती स्वतःहून वाचलेली नव्हती.

"मी त्याच्यावर काही विकत नाहीये," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही त्याच्यावर दहा टनांचा ट्रक चालवताय. मी ते तुमची पावलं मोजायला दिलं होतं."

"पावलंही जास्त दाखवतं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत फेऱ्या मारल्या. घड्याळानं 'उत्तम प्रगती' असं कळवलं.

गुरुवारी दुपारी एका भुईकाट्यावरून ट्रक घेऊन परतताना ते खिळे आणि स्क्रू विकणाऱ्या एका दुकानात पडताळणीला गेले. मालकीण साठीची, चष्मा कपाळावर, आवाज खणखणीत. ती आधीपासूनच तयारीत होती. तिनं पाच किलोचं वजन काट्यावर ठेवून दाखवलं. पाच किलो, शून्य ग्रॅम.

"बघा. रोज सकाळी बघते मी. तुम्ही यायच्या आधी बघते. दिवाबत्तीसारखं नेमानं."

काटेसाहेबांनी आपल्या पेटीतलं दोनशे ग्रॅमचं वजन ठेवलं. काटा म्हणाला, दोनशे सोळा.

"असं कसं?" मालकीण म्हणाली. "पाच किलोला बरोबर आहे म्हणजे बरोबर आहे. काटा काय माणूस आहे, मोठ्याशी एक आणि छोट्याशी एक वागायला?"

काटेसाहेबांचं भाषण तयार होतं. एकतीस वर्षांत त्याला चांगली झिलई चढली होती. "बाई, तुमच्याकडे पाच किलो खिळे न्यायला वर्षात कितीजण येतात? दोन. बाकी सगळे मूठभर स्क्रू नेतात. ज्या भाराला तुमचा व्यवहार होतो, त्या भाराला काटा तपासायचा. जिथे तो हमखास बरोबर दाखवणार, तिथे तपासून काय उपयोग? तुम्ही टेबलाशी निवांत बसून, सगळं ठीक असताना…"

ते थांबले.

"कुठल्या टेबलाशी?" मालकीण म्हणाली. "मी दिवसभर उभी असते."

तिला नोटीस देताना त्यांनी तारीख चुकवली. अशी चूक त्यांच्याकडून नऊ वर्षांनी होत होती. मालकिणीनं ती दाखवून दिली आणि चुकीची मर्यादा किती असते असंही विचारलं.

बाहेर ट्रकच्या केबिनमध्ये बसून त्यांनी खिशातून औषधवाल्याचा चिमटा काढला, जो परत करायचा राहिला होता, म्हणजे केला नव्हता. घड्याळ कमी भाराला तपासायचं होतं. ऑक्सिजन कमी होईल असा काहीतरी उद्योग करायला हवा. त्यांनी चिमटा लावला, छाती भरून घेतली, मग सगळा श्वास सोडला आणि तोंड मिटलं.

पंधरा सेकंदांपर्यंत काही झालं नाही. तिसाव्या सेकंदाला कानांत ढोल वाजू लागले. चाळिसाव्याला त्यांनी स्टिअरिंग धरलं. पंचेचाळिसाव्या सेकंदाला काटेसाहेब फुरफुरले, दोन्ही पाय झाडले आणि त्यातला एक क्लचला लागला. धापा टाकत त्यांनी चिमट्याकडे बघितलं. तो आता कुठे खाली यायला लागला होता. पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, ब्याण्णव. घाईघाईनं त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

घड्याळावर लिहिलं होतं : मोजता आलं नाही. हात स्थिर ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. चार वेळा. चारही वेळा ऑक्सिजन उतरायची वेळ आणि त्यांची धडपड करायची वेळ एकच आली, आणि चारही वेळा घड्याळानं सभ्य माणसासारखी दुसरीकडे नजर फिरवली. पाचव्या वेळी, सगळं शांत झाल्यावर, ते म्हणालं : सत्त्याण्णव. काचेवर टकटक झाली. खिळेवाली मालकीण पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती.

"साहेब, नोटिशीचं एवढं मनाला लावून घेऊ नका. मी करून घेते काटा दुरुस्त."

घरी आल्यावर त्यांनी मोबाइलवर रात्रीचा आलेख उघडला. एक निळी, डौलदार, अखंड रेघ. तीन आठवडे ते ती रोज बघत होते. आज त्यांनी ती बोटांनी ताणून मोठी केली. रेघेत टिंबं होती. मोजली. सात तासांत अकरा. अकरा वेळा मोजलेलं, आणि मधला सगळा वेळ पट्टी लावून जोडलेला. ट्रकमधली अकरा पोती तोलून उरलेली सातशे अंदाजानं लिहिणारा एक गोदामवाला त्यांना आठवला. त्याचा परवाना त्यांनीच रद्द करायला लावला होता, आणि तो रडला तरी ऐकलं नव्हतं.

"तुझी वही दे," ते बायकोला म्हणाले.

"पडताळणी न झालेली चालेल?"

"दे ना गं."

वही तलावावरचीच होती. वर छापलेले रकाने : लेन, फेरी, वेळ. बायकोनं त्यातला लेनचा रकाना सोडून दिला होता. गुरुवार पहाट, साडेचार ते साडेपाच. फेरी पहिली, एकतीस सेकंद. फेरी दुसरी, चव्वेचाळीस. अशा एकोणीस फेऱ्या. काटेसाहेबांनी मोबाइल शेजारी ठेवला. त्या तासात घड्याळाचं टिंब एकच होतं, पाच वाजून बारा मिनिटांचं. ऑक्सिजन शहाण्णव. वहीत पाच-बाराच्या आसपास बायकोच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं : कुशीवर वळले. दोन मिनिटं शांत.

ते बराच वेळ दोन्हींकडे आलटून पालटून बघत राहिले.

"अहो, काहीतरी बोला," बायको म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी मोजते ना, ते तुम्हाला हरवायला मोजत नाही. चाळीस झाले की वाटतं हलवावं. पन्नास झाले की उठून बसते. मोजलं नाही तर काय करू तेवढा वेळ?"

"एकाच तासाची नोंद आहे," काटेसाहेब म्हणाले. "बाकी रात्रीचं माहीत नाही."

"बाकी रात्री मी झोपते. मेलेल्यासारखी. तलावावर तीस पोरं असतात माझ्या जिवावर."

अर्ज टेबलावर होता. त्यांनी पेन उघडलं. 'नाही' लिहिण्यापुरता पुरावा आता उरला नव्हता, आणि 'होय' लिहिण्यापुरता अजून जमला नव्हता. तिसरा रकाना असता तर त्यांनी तो आनंदानं भरला असता. नियमाप्रमाणे ज्या काट्याविषयी शंका आहे तो निकाल लागेपर्यंत वापरायचा नसतो. हे त्यांना ठाऊक होतं, कारण तो नियम ते स्वतः दिवसातून दोनदा लोकांना ऐकवत. पेन बंद करून त्यांनी अर्जाची घडी खिशात घातली. रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. सकाळी घड्याळानं 'छान झोप' दिली.

शुक्रवारी शहराबाहेरच्या दगडखाणीचा भुईकाटा तपासायचा होता. कार्यालयात गेल्यावर त्यांनी ट्रकची चावी नव्या मॅडमसमोर ठेवली. नव्या मॅडम म्हणजे आठ महिन्यांपूर्वी आलेल्या निरीक्षक. अवजड वाहनाचा परवाना घेऊन आल्या होत्या आणि आजवर तो कपाटात होता.

"आज तुम्ही चालवा. सरावासाठी."

"मी? सर, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"सरावासाठी म्हटलं ना."

नव्या मॅडमनी ट्रक काढला. काटेसाहेब एकोणीस वर्षांत पहिल्यांदा डाव्या बाजूला बसले. तिथे ब्रेक नव्हता, तरी त्यांचा पाय तो शोधत होता. गिअर उशिरा बदललेला त्यांना ऐकू आला. आरसा तिरका वाटला. बोलायचं नाही असं ठरवून ते मांड्यांखाली हात दाबून बसले. पुढे रस्ता सरळ झाला, ऊन मांडीवर आलं, मागच्या वजनांचा एकसुरी घरघराट सुरू झाला.

मग कोणीतरी त्यांचा खांदा गदागदा हलवत होतं.

ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता, धोक्याचे दिवे लावून. मागून येणारे हॉर्न मारून पुढे जात होते. नव्या मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि त्यांच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल सुटलेलं होतं.

"सर! सर, श्वास घ्या!"

"घेतोय," काटेसाहेब म्हणाले. जीभ जड झाली होती. "काय झालं?"

"तुम्ही घोरत होता. मग घोरणं थांबलं. मला वाटलं, बरं झालं. मग लक्षात आलं की सगळंच थांबलंय. छाती हलत नव्हती सर. मान अशी खाली."

"किती वेळ?"

"काय?"

"किती सेकंद?"

नव्या मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं आठ महिन्यांत एकदाही बघितलं नव्हतं.

"मी मोजत नव्हते, सर. दहा टन थांबवत होते."

काटेसाहेबांनी समोर बघितलं. इथून पुढे उतार होता. उतार संपतो तिथे डावीकडे वळण, आणि वळणावर बसथांबा. हा रस्ता त्यांच्या तळहातावर होता. बसथांब्यावर सातआठजण उभे होते. एका बाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मंगळवारीच याच रस्त्यानं ते एकटे आले होते, आणि उतार कसा उतरलो हे आठवायला गेलं तर त्यांना आठवत नव्हतं. गेल्या आठवड्यातलाही आठवत नव्हता.

त्यांनी खिशातून अर्ज काढला. गुडघ्यावर ठेवून खूण करताना कागद फाटला. आठव्या प्रश्नापुढे 'होय'. खाली लक्षणांसाठी दोन ओळी होत्या. त्यांनी लिहिलं, 'झोपेत श्वास थांबतो. पत्नीनं व सहकाऱ्यानं पाहिलं आहे.' वाचून बघितलं. आकडा नसलेलं हे त्यांच्या हातचं बहुधा पहिलंच सरकारी विधान होतं.

मग त्यांनी झोपेच्या तपासणीच्या केंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईनं दोन महिन्यांनंतरची तारीख सांगितली. काटेसाहेब म्हणाले, "आधीची बघा. कोणी रद्द केलं तर मला फोन करा, दिवसा कधीही करा. मी जवळपासच असेन, अभिलेख कक्षात." फोन ठेवल्यावर 'अभिलेख कक्षात' हे शब्द केबिनमध्ये जरा वेळ तसेच राहिले.

नव्या मॅडमनी पट्टा लावला. दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"परत फिरू, सर? दवाखान्यात?"

"खाणवाले थांबलेत. काटा तपासू, मग जाऊ. शपथ. तुम्ही चालवा." ते खिडकीची काच पूर्ण खाली करत म्हणाले. "फक्त बोलत राहा. मला झोप लागता कामा नये."

"काय बोलू?"

"काहीही. माझ्याबद्दल आठ महिन्यांत जे बोलायचं राहिलंय ते बोला."

"नको, सर."

"मॅडम, जिवाचा प्रश्न आहे."

नव्या मॅडमनी आरशात बघितलं आणि ट्रक रस्त्यावर घेतला. मग म्हणाल्या, "पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सगळ्यांसमोर चाळीस वजनं पुन्हा पुसायला लावलीत. ती स्वच्छ होती."

"होती," काटेसाहेब म्हणाले. "दुसऱ्या गिअरमध्ये उतरवा."

"मला माहितीये कुठल्या गिअरमध्ये उतरवायचं! ही, ही दुसरी तक्रार," नव्या मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला. खाण यायला अजून पस्तीस मिनिटं होती. यादी खाणीच्या फाटकापाशीही संपली नाही, आणि काटेसाहेबांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.